परवडणारे मानसोपचार मिळवताना: कोणत्या खिडकीवर जावे, कोणत्या क्रमाने जावे आणि काय मागावे

‘सरकारी रुग्णालयात जाऊन आलो, पाच मिनिटे विचारपूस केली, गोळ्या लिहून दिल्या आणि पाठवून दिले, बोलायला कोणी मिळालेच नाही.’ खर्च झेपत नाही म्हणून सार्वजनिक सेवेकडे वळलेल्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की गडबड कुठे होते हे आता नेमके सांगता येते. बाह्यरुग्ण विभागातली पहिली भेट ही निदानाची भेट असते. बोलण्याचे उपचार, म्हणजे ज्याला आपण थेरपी किंवा समुपदेशन म्हणतो, ते बहुधा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या माणसाकडे होतात. ते आपणहून मागावे लागतात. न मागता बाहेर पडलेला माणूस सहसा परत येत नाही, आणि ‘तिथे काही होत नाही’ असे इतरांना सांगतो. हे टाळण्यासाठी पुढचे टप्पे याच क्रमाने घ्यावेत. यातील तपशील महाराष्ट्रातील व्यवस्थेचे आहेत.

आधी एक अपवाद

स्वतःला संपवण्याचे विचार मनात ठरून येत असतील, तशी तयारी केलेली असेल, किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागून स्वतःला वा इतरांना इजा करील अशी भीती असेल, तर खालचा क्रम लागू नाही. अशा वेळी ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत मागावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. कुटुंबे पुष्कळदा ‘पोलीस केस होईल’ या भीतीने उशीर करतात. रुग्णालय पोलिसांना कळवते हे खरे. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. या भीतीपायी गेलेला एक तास जिवावर बेतू शकतो.

टप्पा १: आपल्याला कोण हवे आहे ते ठरवा

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या माणसासमोर बसण्यात. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषधे लिहितात आणि पुढे कोणाकडे पाठवायचे ते ठरवतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्यांचे काम. मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, ज्यांना रुग्णालयात सगळे ‘सोशल वर्कर’ म्हणतात, ते कुटुंबाशी बोलतात, सवलती, दाखले आणि पुनर्वसन पाहतात, आणि अनेक ठिकाणी समुपदेशनही करतात. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही समुपदेशक म्हणवते आणि आठवड्याचे शिबिर केलेलीही.

झोप, भूक आणि कामावरचे लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, छातीत धडधडून जीव घाबरा होत असेल, कानात आवाज येत असतील, संशय वाढला असेल किंवा बाळंतपणानंतर मन थाऱ्यावर नसेल, तर सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करावी. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता अशी शारीरिक कारणेही उदासीसारखी दिसतात आणि ती डॉक्टरच तपासू शकतात. एखादा वियोग, नात्यातला तिढा किंवा नोकरी गेल्याचा धक्का असा ठरावीक प्रसंग असेल आणि रोजचे व्यवहार कसेबसे का होईना चालू असतील, तर समुपदेशनापासून आरंभ केला तरी चालतो.

काही प्रश्नांना वेगळी दारे आहेत. घरात मारहाण होत असेल तर अनेक पोलीस ठाण्यांत महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष असतो; तिथले सामाजिक कार्यकर्ते समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच ठिकाणी देतात. व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात, आणि संकटातल्या बालकांसाठी १०९८ आहे.

टप्पा २: घरबसल्या पहिला फोन

रुग्णालयात जाण्याआधी १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसला फोन करावा. ही केंद्र सरकारची निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक लागला नाही तर १८००-८९-१४४१६ लावावा. फोन लागल्यावर प्रथम भाषा निवडायची असते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटल्यास पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात.

या फोनचा पूर्ण उपयोग फार थोडे लोक करून घेतात. मन हलके झाले की फोन ठेवला जातो. तसे न करता शेवटी स्पष्ट विचारावे: ‘मी अमुक तालुक्यात राहतो. मला प्रत्यक्ष भेटीसाठी जवळ कुठे आणि कोणत्या वारी जाता येईल?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावे. घरातला माणूस यायलाच तयार नसेल, तर त्याच्या वतीने घरच्यांनीही हा फोन करावा आणि त्याच्याशी कसे बोलावे ते विचारावे.

सावधान: इंटरनेटवर ‘मोफत समुपदेशन’ असे शोधून पहिल्या दिसलेल्या क्रमांकावर स्वतःची सगळी कहाणी सांगू नका. कोणी पहिल्याच फोनवर पैसे, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा.

टप्पा ३: रुग्णालय निवडा

बहुतेकांसाठी योग्य जागा म्हणजे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला जातो. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदे असतात. हे पथक ठरलेल्या वारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांतही येते. तो वार आपल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारला, तर जिल्ह्याच्या ठिकाणची एसटीची फेरी आणि बुडणारा रोजगार दोन्ही वाचतात.

सिव्हिलमध्ये मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे असेल, आणि तसे पुष्कळदा असते, तर शासकीय किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून ही त्यातली परिचित नावे. इथे गर्दी जास्त असते, पण विभाग मोठा असतो आणि पदव्युत्तर विद्यार्थी असतात. ‘शिकाऊ डॉक्टर नको’ असे म्हणून लोक उठतात, त्याचे मला नेहमी वाईट वाटते. निवासी डॉक्टर आपल्या वरिष्ठांना प्रत्येक रुग्ण समजावून सांगतात आणि तुमचे म्हणणे सविस्तर लिहून घ्यायला बहुतेक वेळा त्यांच्याकडेच वेळ असतो.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग असतो. फाटकावरची पाटी पाहून माणसे परत फिरतात, पण ओपीडीत जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. बहुतेक रुग्ण सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात. गोव्यात राहणाऱ्यांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे काम करते.

खर्चाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकेची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचे माफक शुल्क द्यावे लागते. मात्र मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत विनामूल्य उपचारांचा हक्क आहे. शुल्काची अडचण आली तर खिडकीवर वाद न घालता समाजसेवा अधीक्षकांचे कार्यालय विचारावे. सवलतीची सही तिथून मिळते.

टप्पा ४: आदल्या रात्रीची चिठ्ठी

डॉक्टरांसमोर बसल्यावर माणसाला एक तर काही सुचत नाही, नाहीतर लग्नापासूनची हकिगत सुरू होते. दोन्हींत वेळ जातो. म्हणून आदल्या रात्री वहीच्या अर्ध्या पानावर लिहावे. माझ्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या परवानगीने इथे देते:

‘तीन महिने झाले. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दिवसाला चार ब्लाउज व्हायचे, आता एकही पुरा होत नाही. जेवण अर्ध्यावर आले. मरून जावे असे दोनदा वाटले, केले काही नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे. मावशीला असाच आजार होता. मला गोळ्यांबरोबर बोलायला कोणीतरी हवे आहे.’

या आठ वाक्यांत काळ, झोप, काम, भूक, धोका, चालू औषध, घराण्यातला आजार आणि मागणी एवढे सगळे आले. ‘टेन्शन आहे’ या शब्दांतून डॉक्टरांना यातले काहीच कळले नसते. दारू, तंबाखू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असाल तर तेही लिहावे. ते लपवल्यास औषधांची मात्रा चुकते.

चिठ्ठीबरोबर ओळखपत्र, असल्यास रेशनकार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. शक्य असल्यास विश्वासातला एक माणूस बरोबर असावा. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, असेल तर नोंदणीची रांग काही ठिकाणी लवकर सरते.

तपासा: निघण्याआधी रुग्णालयात फोन करून किंवा आदल्या दिवशी कोणाला पाठवून मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते आणि नोंदणीची खिडकी किती वाजता बंद होते, ते विचारून घ्या. ओपीडी दुपारपर्यंत चालली तरी खिडकी आधी बंद होते. ती चुकली तर दिवस गेला.

टप्पा ५: ओपीडीचा दिवस

खिडकीवर पहिले वाक्य हे असावे: ‘मानसोपचार ओपीडीचा नवीन केसपेपर द्या.’ मी धाकट्या भावाला घेऊन प्रथम एका मोठ्या रुग्णालयात गेले, तेव्हा संकोचापायी ‘झोप येत नाही, छातीत धडधडते’ एवढेच म्हटले. आम्हाला मेडिसिनच्या रांगेत पाठवले गेले, तीन तासांनी ईसीजी निघाला, तो चांगला आला आणि ‘काही नाही, घरी जा’ असे सांगण्यात आले. भाऊ त्यानंतर दोन महिने यायला तयार होईना. विभागाचे नाव उच्चारायला मी लाजले नसते, तर ते दोन महिने वाचले असते.

आत गेल्यावर चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यावी. काही गोष्टी नातेवाइकांसमोर सांगायच्या नसतील तर ‘मला एकट्याने बोलायचे आहे’ असे सांगावे. तशी विनंती करण्यात गैर काही नाही. तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे कायद्याच्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे. मालक किंवा शेजारी विचारायला आले तरी ती देता येत नाही.

औषधे लिहून दिली तर तीन प्रश्न विचारावेत. गुण यायला किती दिवस लागतील? सुरुवातीला कोणता त्रास होऊ शकतो? आणि मध्येच बंद केल्यास काय होईल? उदासीवरच्या बहुतेक औषधांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, तर मळमळ किंवा डोके जड होणे पहिल्या आठवड्यातच जाणवते. हे माहीत नसल्यामुळे चौथ्या दिवशी गोळ्या सोडणारे फार आहेत. बरे वाटू लागल्यावर डॉक्टरांना न विचारता सोडणारे त्याहून जास्त आहेत.

टप्पा ६: थेरपी मागा आणि तारीख घेऊनच उठा

हा टप्पा वगळला तर आधीचे पाच टप्पे फुकट जातात. सरकारी ओपीडीत डॉक्टरांपुढे रांग असते. न विचारता ते थेरपीसाठी पाठवतीलच असे नाही. पण विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही. उठण्याआधी असे म्हणावे: ‘डॉक्टर, मला औषधांबरोबर समुपदेशनही हवे आहे. कृपया केसपेपरवर मानसशास्त्रज्ञांसाठी लिहून द्या.’ तोंडी ‘त्या खोलीत जा’ एवढ्यावर समाधान मानू नये. केसपेपरवर तशी ओळ आली, की पुढच्या खोलीत तुम्ही हक्काने बसता.

त्याच दिवशी त्या खोलीत जाऊन चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: पुढची तारीख, वेळ, कोणाला भेटायचे त्यांचे नाव, आणि भेटी साधारण किती दिवसांच्या अंतराने होतील. दर आठवड्याला येणे रोजंदारीमुळे जमणार नसेल तर तेव्हाच सांगावे. पंधरा दिवसांनी पण ठरलेल्या वारी येणे हे तीन आठवडे सलग येऊन मग थांबण्यापेक्षा पुष्कळ बरे.

मानसशास्त्रज्ञ उपलब्धच नसतील तर ‘मग राहू द्या’ म्हणून परतू नये. सामाजिक कार्यकर्त्यांची भेट मागावी, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी संदर्भचिठ्ठी मागावी. अशी चिठ्ठी असली की तिथे निदानापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

तपासा: रुग्णालयाबाहेर पडताना हातात केसपेपर, औषधे आणि पुढची तारीख आहे का? तारीख नसेल तर परत आत जा.

टप्पा ७: सामाजिक संस्थांचे दार ठोठावताना

रुग्णालयाची वेळ जमत नसेल किंवा रांग फार लांब असेल, तर संस्थांकडे वळावे. ठाण्यातली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, १९९० पासून काम करते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोन आणि ईमेलवरून विनामूल्य समुपदेशन देते. पुण्यात आत्महत्या-प्रतिबंधासाठी कनेक्टिंग ट्रस्ट आहे, वस्त्यांमध्ये जाऊन काम करणारा बापू ट्रस्ट आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी १९८६ पासूनचे मुक्तांगण आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या परस्परसाहाय्य गटाच्या सभांना शुल्क नसते आणि त्या लहान शहरांतही भरतात. मानसशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत चालणारी समुपदेशन केंद्रेही विचारून पाहावीत.

सवलत मागण्यात लाज वाटून घेऊ नये, पण ती पहिल्याच फोनवर मागावी. तीन भेटींनंतर पैसे संपले म्हणून थांबणे हे न सुरू करण्यापेक्षाही जास्त दुखवते. असे विचारता येईल: ‘माझे महिन्याचे उत्पन्न इतके आहे. एका भेटीला मी इतके देऊ शकतो. उत्पन्नानुसार शुल्काची सोय आहे का? नसेल तर प्रशिक्षणार्थी समुपदेशकांकडे जागा आहे का?’ वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणारे प्रशिक्षणार्थी हा चांगला पर्याय आहे. देखरेख कोण करते, एवढे मात्र विचारावे.

खासगी व्यक्तीकडे जाणार असाल तर पात्रता तपासावी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा व्यावसायिक रागावत नाही. समुपदेशकाला शिक्षण कुठे आणि किती वर्षांचे झाले, ते विचारावे.

सावधान: ‘एका बैठकीत नैराश्य घालवतो’ म्हणणारा, चालू गोळ्या लगेच बंद करायला सांगणारा, किंवा दहा भेटींचे पैसे आगाऊ मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी तिथे थांबू नये. नवस, अंगारा यांवर कोणाची श्रद्धा असेल तर त्यावरून घरात वाद घालत बसू नका. औषध आणि तारीख मात्र चुकवू देऊ नका.

टप्पा ८: पहिल्या काही भेटी आणि सुटलेली तारीख

पहिल्या भेटीत समुपदेशक बहुतेक प्रश्नच विचारतात. सल्ला मिळाला नाही म्हणून निराश होऊ नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत ‘आपण नेमके कशावर काम करतो आहोत आणि बदल कशावरून ओळखायचा?’ असे विचारावे. घरी करायला सांगितलेल्या गोष्टी त्याच चिठ्ठीच्या वहीत लिहाव्यात. चार-सहा भेटींनंतर ती पहिली चिठ्ठी पुन्हा वाचावी: पहाटेची जाग, अर्धे जेवण, अपुरे काम यांत काही फरक पडला का? वर उल्लेख केलेल्या बाईंनी पाचव्या भेटीच्या दिवशी चिठ्ठीच्या मागे ‘काल दोन ब्लाउज’ एवढेच लिहिले होते, आणि डॉक्टरांना तेवढे पुरले.

काहीच फरक नसेल, किंवा समोरची व्यक्ती टोमणे मारत असेल, जात, धर्म, लग्न वा लैंगिकतेवरून उपदेश करत असेल, तर बदल मागावा. डॉक्टरांना ‘या पद्धतीचा मला उपयोग होत नाही, दुसरे कोणी मिळेल का?’ असे सरळ सांगावे. एका व्यक्तीशी जमले नाही म्हणून उपचारच सोडू नयेत.

गाव किंवा शहर बदलणार असाल तर निघण्याआधी उपचारांच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २५ देते. नव्या ठिकाणी त्या पहिल्याच दिवशी दाखवाव्यात आणि गोळ्या किमान पंधरा दिवस पुरतील इतक्या बरोबर ठेवाव्यात.

आणि तारीख चुकली, मग ती एक महिन्याने असो वा सहा महिन्यांनी, तर जुना केसपेपर घेऊन त्याच विभागात जावे. रागावतील म्हणून तो घरी ठेवून नवा काढणाऱ्यांना सगळी हकिगत आरंभापासून सांगावी लागते आणि पूर्वी कोणती गोळी सोसली नव्हती ते डॉक्टरांना कळत नाही. खिडकीवर एवढेच म्हणावे: ‘मध्ये खंड पडला होता, पुन्हा सुरू करायचे आहे.’